तुतारी ते तुणतुणे : व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांतील संगीत

व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांची चर्चा निघाली की बहुधा डोळ्याला भावलेल्या गोष्टींचीच आठवण काढली जाते : हिंदी 'अमृतमंथन'मधला पडदाभर पसरलेला चंद्रमोहन यांचा डोळा, 'कुंकू'तले आरसे, 'शेजारी'च्या अखेरीस फुटणारे धरण, 'झनक झनक पायल बाजे'मधली रंगांची उधळण. त्यांच्या चित्रपटांतील गाण्यांची आठवणही निघते, पण ती वेगळ्या दालनात, रेडिओवरच्या आणि ध्वनिमुद्रिकांवरच्या गाण्यांच्या सोबतीने. आणि गाणी जितकी लोकप्रिय झाली तितका ज्या प्रसंगासाठी ती बांधली गेली त्या प्रसंगाशी असलेला त्यांचा धागा विरत गेला. वास्तविक मूकपटाच्या उत्तरार्धात दिग्दर्शनाला प्रारंभ करून १९८०च्या दशकापर्यंत काम करत राहिलेल्या या दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा आलेख त्याच्या संगीतकारांच्या आधारेही काढता येतो, आणि तसा तो काढला तर एक प्रश्न त्यांच्या चित्रपटांतून पुन्हा पुन्हा वर येताना दिसतो : पडद्यावर ऐकू येणारा सूर येतो कोठून, आणि त्या क्षणी तो कोणाला हवा असतो?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी चित्रपटातील संगीताचे दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. पहिला प्रकार कथेच्या आतल्या संगीताचा. एखादे पात्र गाते, घरात ग्रामोफोन वाजतो, रस्त्याने वासुदेव जातो, आणि हे सूर प्रेक्षकाबरोबर कथेतल्या माणसांनाही ऐकू येतात. दुसरा प्रकार पार्श्वसंगीताचा, म्हणजे जे फक्त प्रेक्षकाला ऐकू येते, कथेतल्या माणसांना नाही, आणि ज्याचे काम प्रसंगाचा भाव गडद करण्याचे असते. भारतीय बोलपटाने मात्र या दोहोंच्या सीमेवर तिसराच प्रकार रूढ केला : पात्र कथेत गात असते, परंतु त्याला साथ करणारा वाद्यवृंद कथेत कोठेच नसतो. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हा पेच कधी पडला नव्हता, कारण ऑर्गन आणि तबला त्याच्या डोळ्यांसमोर, रंगमंचाच्या पुढ्यातच मांडलेले असत आणि पद सुरू झाले की नाटक क्षणभर थांबून मैफल सुरू होते हा करार दोन्ही बाजूंना मान्य होता. बोलपटाने वादकांना दृष्टीआड केले, भोवती खरे रान, खरी नदी आणि खऱ्यासारखे घर उभे केले, आणि मग त्या खऱ्या दिसणाऱ्या जगात हा अदृश्य ऑर्गन कोण वाजवतो आहे, हा प्रश्न निर्माण झाला.

शांताराम ज्या मातीत घडले तिथे या प्रश्नाची दोन्ही टोके हजर होती. १९०१ साली जन्मलेल्या या कोल्हापूरकराने लहान वयात काही काळ गंधर्व नाटक मंडळीत काढला होता, म्हणजे संगीत नाटकाच्या ऐन बहरात विंगेतून गाणे ऐकले होते. आणि त्यानंतर बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्याची उमेदवारी झाली ती मूकपटाच्या काळात, जेव्हा सारे काही चेहऱ्याने, हालचालीने आणि प्रकाशाने सांगावे लागे. १९२९ साली विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली तेव्हा चित्रपट अजून मुकाच होता, तरीही कंपनीचे बोधचिन्ह म्हणून निवडली गेली ती तुतारी फुंकणारी स्त्री. चित्रात तुतारी होती आणि तिचा आवाज प्रेक्षकाने मनातल्या मनात ऐकायचा होता. बोलपट आल्यावर ती तुतारी खरोखर वाजू लागली, आणि प्रभातच्या प्रेक्षकांच्या पिढ्यांना चित्रपट सुरू होण्याची खूण म्हणून चित्राइतकाच तो सूरही लक्षात राहिला.

प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली आला आणि त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांच्याकडे होते. टेंबे हे पेटीवादनातले मोठे नाव, १९११ सालच्या 'मानापमान' नाटकाच्या चालींचे कर्ते आणि बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक. 'मानापमान'मध्ये त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या वळणांना मराठी पदात आणून रंगभूमीचा कान बदलला होता. 'अयोध्येचा राजा'मध्ये हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली, तारामती होत्या दुर्गा खोटे. चाली बांधणारा, गाणारा आणि अभिनय करणारा एकच माणूस असणे त्या काळात नवलाचे नव्हते, कारण पार्श्वगायनाची, म्हणजे एकाने आधी गाऊन ठेवायचे आणि दुसऱ्याने पडद्यावर ओठ हलवायचे या पद्धतीची, अजून सोय नव्हती. पात्राने चित्रण चालू असतानाच गायचे, वादकांनी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर पण मायक्रोफोनच्या टप्प्यात बसायचे, आणि सारे एकाच वेळी मुद्रित व्हायचे. या अडचणीचा एक परिणाम असा की गाण्याच्या वेळी माणूस फार हलू शकत नसे आणि कॅमेराही त्याच्यासमोर जवळजवळ प्रेक्षकासारखा बसून राही. मूकपटात चपळ झालेला कॅमेरा गाणे आले की पुन्हा नाटकाच्या खुर्चीत जाऊन बसत होता. टेंबे यांच्या चाली त्या चित्रपटांत आजही घरंदाज वाटतात, पण त्या ऐकताना प्रेक्षक अयोध्येत नसतो, नाट्यगृहात असतो.

हा पेच सोडवण्याची दिशा सापडली ती केशवराव भोळे यांच्यामुळे, असे म्हणण्यास सबळ आधार आहे. मूळचे अमरावतीचे भोळे वैद्यकाचे शिक्षण सोडून संगीताकडे वळलेले, 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांवर मार्मिक टीकालेखन करणारे आणि ऐकण्याचा विचार करणारे संगीतकार होते. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावर आधारलेले श्रीधर विनायक वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, त्याचे संगीत भोळे यांचे होते. या नाटकाने पदांची संख्या अगदी थोडक्यावर आणली, तानांचा पिसारा मिटला आणि घरातल्या बाईला घरात गावेसे वाटेल तेव्हाच तिने गावे असा नेम धरला. ज्योत्स्ना भोळे यांच्या गळ्यातून ते गाणे नाट्यपदापेक्षा भावगीताच्या अंगाने, म्हणजे शब्दातला भाव आधी आणि गायकी नंतर या क्रमाने, प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्यात बस्तान बसवले, आणि पुण्यातला पहिला चित्रपट 'अमृतमंथन' (१९३४) भोळे यांच्या संगीताने नटला. नाट्यमन्वंतराच्या वर्तुळातले केशवराव दाते आणि अनंत काणेकर हेही पुढे शांताराम यांच्या चित्रपटांत आले, तेव्हा रंगभूमीवरचे हे वास्तववादी वळण आणि चित्रपटातले वळण एकमेकांना समांतर नव्हते, तर एकाच घरातून निघालेले होते.

त्या वळणाचे शिखर म्हणजे १९३७ सालचा 'कुंकू', हिंदीत 'दुनिया न माने'. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली ही कथा नीरा नावाच्या तरुण मुलीची आहे, जिचे लग्न फसवून वयस्कर विधुर काकासाहेबांशी लावले जाते आणि जी त्या लग्नाला मनाने कधीही मान्यता देत नाही. या चित्रपटात शांताराम आणि भोळे यांनी पार्श्वसंगीत वापरलेच नाही. जे ऐकू येते ते कथेतल्या वस्तूंचे आणि माणसांचे : भिंतीवरचे घड्याळ, छत्री, ग्रामोफोन, भांडी, रस्त्यावरून गात जाणारा भिकारी, आणि स्वतः नीरा. त्या काळी जगभरचे बोलपट वाद्यवृंदाच्या लाटांवर तरंगत होते, हे ध्यानात घेतले तर हा निर्णय किती धाडसाचा होता ते कळते. आणि तो निर्णय संगीताचा तिरस्कार करणाऱ्याने घेतलेला नाही, संगीताची किंमत जाणणाऱ्याने घेतला आहे, हे त्याहून महत्त्वाचे.

पार्श्वसंगीत काढून घेतल्याने 'कुंकू'त काय घडते याचा थोडा बारकाईने विचार करायला हवा. पार्श्वसंगीत प्रेक्षकाला सांगत असते की आता दुःख वाटून घ्या, आता भीती बाळगा, आता समेट झाला. ते एका परीने प्रेक्षकाचा हात धरून चालते. 'कुंकू'त तो हात सुटतो. नीरा काकासाहेबांच्या खोलीचे दार लावून घेते तेव्हा तिच्या बाजूने बोलायला एकही व्हायोलिन नाही. जे ऐकू येते त्यावरून आणि जे दिसते त्यावरून प्रेक्षकाने स्वतःच बाजू ठरवायची आहे. काकासाहेबांचे घड्याळ चित्रपटभर टिकटिकत राहते आणि त्या टिकटिकीत वय, घराची शिस्त आणि उरलेला वेळ असे सारे काही एकत्र येते. वाद्यवृंद असता तर हा इवला आवाज त्याच्याखाली दबून गेला असता. मुलीच्या हट्टाची आणि म्हाताऱ्याच्या अपराधी मनाची ही कथा आहे, आणि दोघांनाही आपल्या मनातले मोठ्याने बोलता येत नाही. म्हणून घरातल्या निर्जीव वस्तूंना वाचा फुटावी, आणि ती फुटण्याइतकी शांतता त्यांच्याभोवती असावी, हे कथेच्या गरजेतून आलेले आहे.

याच शांततेमुळे 'कुंकू'तल्या गाण्यांना वजन येते. शांता आपटे यांची नीरा लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविता गाते, आणि मराठी मध्यमवर्गीय घरातली शिकलेली मुलगी इंग्रजीत गाते या गोष्टीचे तेव्हाच्या प्रेक्षकाला नवल वाटले असेल. पण त्या गाण्याचे खरे मोल वेगळे आहे. घरातल्या कोणाशी नीराला मनातले बोलता येत नाही, तेव्हा घरातल्या कोणालाही परकी असलेली भाषा तिची एकांताची खोली होते. गाणे इथे मनोरंजनासाठी थांबवलेला वेळ राहत नाही, ते नीराच्या बंडाचेच एक कृत्य ठरते. शांता आपटे यांच्या गळ्यातला तो उसळता, बिनधास्त सूर नाट्यसंगीताच्या घडणीतला नव्हता, आणि भोळे यांनी त्याला घडवण्याच्या नावाखाली गुळगुळीत केले नाही. संगीतकाराची थोरवी कित्येकदा त्याने कोणते सूर टाळले यावर ठरते, आणि 'कुंकू' हा त्याचा मराठीतला सर्वांत बोलका पुरावा मानायला हरकत नसावी.

भोळे यांच्याच काळात आणि त्यांच्यानंतरही मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांची साथ शांताराम यांना लाभली. भास्करबुवा बखले यांचे शिष्य आणि गंधर्व नाटक मंडळीतले गायक असलेले कृष्णराव स्वभावाने आणि तालमीने भोळे यांच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांच्या चालीत रागाची झळाळी आणि लयीची खेळकर चपळाई असे. बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत आणणारा 'धर्मात्मा' (१९३५) आणि दुर्गा खोटे यांचा 'अमरज्योती' (१९३६) यांच्या चाली त्यांच्या. त्यांच्यासमोर आणखी एक कसोटी होती जिची दखल क्वचितच घेतली जाते : प्रभात एकाच चित्रपटाची मराठी आणि हिंदी अशी दोन रूपे काढत असल्याने एकच चाल दोन भाषांच्या शब्दांना पेलायची असे. मराठी शब्दाचा आघात, त्यातला 'ळ' आणि 'ण' यांचा ठसका, हिंदीतल्या दीर्घ स्वरांची लांबण, हे सारे एका लयीत बसवणे म्हणजे एकाच अंगरख्यात दोन वेगळ्या बांध्यांची माणसे बसवण्यासारखे. आणि तरी 'माणूस' (१९३९) किंवा 'शेजारी' (१९४१) यांची मराठी गाणी ऐकताना ती कोणत्याही दुसऱ्या भाषेसाठी बांधली असावीत अशी शंका येत नाही.

'माणूस'मध्ये सूर कोठून येतो या प्रश्नाचे उत्तर कृष्णरावांनी मोठ्या कल्पकतेने दिले. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही वेश्यावस्तीतली स्त्री यांची ही कथा. मैना गाते कारण गाणे हा तिचा धंदाच आहे, आणि तिच्याकडे निरनिराळ्या प्रांतांची माणसे येतात म्हणून तिच्या गाण्यात निरनिराळ्या भाषांची कडवी येतात. मुंबईच्या वस्तीचा सगळा समाजशास्त्रीय नकाशा एका गाण्यात उमटतो, आणि तो उमटवताना संगीतकाराला प्रत्येक कडव्याला त्या त्या प्रांताची छटा देण्याची संधी मिळते. याच चित्रपटात त्या काळच्या हिंदी बोलपटांतल्या प्रेमगीतांची, झाडाखाली बसून गोड गाणाऱ्या नायक-नायिकेची, नक्कलही केलेली आहे; पात्रांनी विनाकारण गाऊ नये हे शांताराम यांना तेव्हा किती प्रकर्षाने जाणवत होते याची ती खूण आहे.

१९४२ साली प्रभात सोडून त्यांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभे केले, तेव्हा त्यांच्याबरोबर वसंत देसाई होते. सिंधुदुर्गातल्या कुडाळ भागातून आलेला हा तरुण कोल्हापुरात प्रभातच्या दारात येऊन पडेल ते काम करत राहिला होता. 'खुनी खंजर' या मूकपटात त्याने छोटी भूमिका केली, 'अयोध्येचा राजा'मध्ये तो गायला, टेंबे, भोळे आणि कृष्णराव या तिघांचेही काम त्याने जवळून पाहिले. शांताराम यांच्या आधीच्या संगीतकारांनी आपापली घडण रंगभूमीवरून किंवा मैफिलीतून आणली होती; वसंत देसाई हे त्यांचे पहिले असे संगीतकार की ज्यांची घडण स्टुडिओच्याच अंगणात झाली. म्हणून त्यांच्या चालीला प्रसंगाची लांबी, कॅमेऱ्याची चाल आणि दृश्याचा जोड यांचे भान जन्मजात असल्यासारखे दिसते. राजकमलच्या पहिल्याच 'शकुंतला' (१९४३) या चित्रपटापासून त्यांनी हे सिद्ध केले, आणि 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) या सोलापूरच्या डॉक्टराच्या चीनमधल्या कथेतही.

'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि 'अमर भूपाळी' (१९५१) हे दोन चित्रपट या जोडीचे मराठी वैभव होत. दोन्हींचे नायक शाहीर आहेत, म्हणजे गाणे हाच ज्यांचा व्यवसाय आणि स्वभाव अशी माणसे, आणि त्यामुळे सूर कोठून येतो हा प्रश्नच उरत नाही. 'लोकशाहीर रामजोशी'मध्ये ग. दि. माडगूळकरांचे शब्द, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांचे गाणे-नाचणे आणि वसंत देसाई यांची ढोलकीच्या ठेक्यावर बसवलेली बांधणी यांनी लावणीला, म्हणजे तमाशाच्या फडातल्या त्या ठसकेबाज गीतप्रकाराला, शहरी प्रेक्षकाच्या घरात अशी जागा मिळवून दिली की पुढची वीसेक वर्षे मराठी चित्रपट तमाशाच्या वेशीवरच घोटाळत राहिला. या दुसऱ्या परिणामाबद्दल खेद वाटावा, पण त्याचा दोष मूळ चित्रपटाकडे जात नाही. 'अमर भूपाळी' होनाजी बाळा या शाहिराचा. भूपाळी म्हणजे पहाटे देवाला जागे करताना म्हणायचे गाणे, आणि शृंगारिक लावण्यांसाठी गाजलेल्या शाहिराचे नाव घरोघरी टिकले ते एका भूपाळीमुळे, या विलक्षण वास्तवावर चित्रपट उभा आहे. पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजातली ती भूपाळी आजही मराठी घरांतून पहाटे ऐकू येते. ती ऐकताना ती चित्रपटातून आली हे कित्येकांना माहीत नसते, आणि याहून मोठी पावती संगीतकाराला मिळणे अवघड आहे, कारण तेव्हा चाल त्याची राहत नाही, ती पहाटेची होते.

'झनक झनक पायल बाजे' (१९५५) हा या प्रवासातला निर्णायक काटा. टेक्निकलर पद्धतीने रंगीत केलेला हा नृत्यपट. गोपीकृष्ण यांचे कथ्थक, सामताप्रसाद यांचा तबला, पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मा यांचे संतूर, आणि शीर्षकगीतासाठी अडाणा रागात उस्ताद अमीर खाँ यांचा स्वर अशी थोरांची मांदियाळी त्यासाठी जमली. नृत्यपटात कामाचा क्रम उलटा होतो : आधी लय आणि बोल मुद्रित होतात, मग नर्तक त्यावर नाचतो, आणि कॅमेरा शेवटी येतो, दिग्दर्शकाला संगीतकाराच्या मागून चालावे लागते. वसंत देसाई यांनी ही जबाबदारी ज्या प्रतिष्ठेने पेलली तिला तोड नाही, आणि विशेषतः अमीर खाँ यांचा तो धीरगंभीर अडाणा, ज्याला पडद्यावर कोणतेही शरीर नाही, जो फक्त नावांच्या पाट्यांवर घुमतो, तो हिंदी चित्रपटाने अभिजात गायकीला दिलेल्या सर्वांत आदराच्या जागांपैकी एक आहे. परंतु पुढे नृत्ये येऊ लागतात तसतसा डोळा कानावर मात करतो. रंगीत कापड, महाल, कारंजी आणि पिसारे इतके दाटतात की तबल्याचा बोल एखाद्या गर्दीतल्या माणसासारखा हरवतो. ज्या दिग्दर्शकाने 'कुंकू'त घड्याळाच्या टिकटिकीसाठी सारा वाद्यवृंद बाजूला ठेवला होता, त्याच्याकडून हे घडावे याची रुखरुख वाटल्यावाचून राहत नाही.

ती रुखरुख लगेच पुढच्याच दिग्दर्शनात मिटते. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) कृष्णधवल आहे, त्याचा आधार औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगाचा आहे, आणि त्यात शांताराम स्वतः आदिनाथ या जेलरच्या भूमिकेत आहेत. सहा खुनी कैदी, एक ओसाड रान, आणि खेळणी विकत त्या वाटेने जाणारी संध्या यांची चंपा. इथे पुन्हा प्रत्येक सुराला कारण आहे. चंपाच्या हातात वाजणारे खेळणे आहे, कारण ते वाजले तरच विकले जाणार. ती अंगाई गाते ती मुलांना निजवायला, आणि ज्यांना कित्येक वर्षांत कोणी निजवले नाही असे कैदी ती ऐकतात. पावसाचे गाणे येते ते कोरड्या जमिनीवर राबलेल्या माणसांच्या वाट्याला पाऊस आल्यावर. आणि प्रार्थना येते ती ज्यांनी हातांनी खून केले त्यांना हात जोडण्याचे कारण मिळाल्यावर. भरत व्यास यांच्या शब्दांना वसंत देसाई यांनी दिलेली ती चाल तांत्रिक दृष्टीने अत्यंत साधी आहे, तिचा पल्ला सामान्य माणसाच्या गळ्याबाहेर जात नाही, एका श्वासात एक ओळ बसते, आणि न शिकलेल्या दहा माणसांनी एकत्र म्हटली तरी ती मोडत नाही. हा साधेपणा ठरवून आणलेला आहे, कारण ती गाणार आहेत ते दगड फोडलेले कैदी. ज्या चालीला अप्रशिक्षित गळ्यांचा विचार करून बांधले गेले तिला पुढे देशभरच्या शाळांतल्या मुलांचे गळे मिळाले. वसंत देसाई यांना समूहगानाची जी ओढ होती तिचे मूळही इथेच दिसते. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या मैत्रीच्या संस्कृत प्रार्थनेची चालही त्यांचीच, आणि तिच्यातही तोच सर्वांना सामावणारा सरळपणा आहे.

'दो आँखें बारह हाथ'ला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले आणि देशात राष्ट्रपतींचे सुवर्णपदक. पण त्याच्या चित्रणात बैलाशी झुंजताना शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि काही काळ ते अंधारात राहिले. त्या अंधारातून 'नवरंग' (१९५९) सुचल्याचे ते त्या चित्रपटाच्या आरंभी स्वतः पडद्यावर येऊन सांगतात. डोळे मिटलेल्या माणसाला आवाजांचे जग लाभावे असा तर्क कोणीही करील. शांताराम यांना मात्र त्या अंधारात रंगच दिसले, आणि यातून त्यांच्या प्रतिभेचा खरा ओढा उघड होतो. संगीताची सूत्रे सी. रामचंद्र यांच्याकडे होती, ज्यांचा हलका, उडता, चटकन जिभेवर बसणारा हात वसंत देसाई यांच्या भारदस्तपणाहून अगदी निराळा. कवी दिवाकर आपल्या घरच्या पत्नीत कल्पनेतली प्रेयसी पाहतो, म्हणून इथली गाणी कथेत नव्हे, कवीच्या डोक्यात घडतात, आणि सूर कोठून येतो याचे हे एक नवे, चतुर उत्तर आहे : मनात वाजणाऱ्या वाद्यवृंदाला वादक लागत नाहीत. होळीच्या गाण्यात संध्या एकाच देहाने पुरुष आणि स्त्री दोन्ही होते तेव्हा आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांचे दोन आवाज एका शरीरात आलटूनपालटून शिरतात, आणि पार्श्वगायनाच्या कृत्रिमतेचाच इथे खेळ करून दाखवला जातो. गाण्यांतला गोडवा अस्सल आहे. कथा मात्र त्या गाण्यांना जोडणारी सुतळी इतकीच उरते.

यानंतरच्या हिंदी चित्रपटांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. 'सेहरा' (१९६३) आणि 'गीत गाया पत्थरों ने' (१९६४) यांना शहनाईवादक रामलाल यांचे संगीत लाभले, दुसऱ्या चित्रपटाचे शीर्षकगीत किशोरी आमोणकर यांनी गायले आणि तो स्वर चित्रपटापेक्षा कितीतरी उंच राहिला. 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' (१९७१) लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे गेला. संगीत उत्तम आणि चित्रपट दुबळा, हे समीकरण या वर्षांत पुन्हा पुन्हा दिसते, आणि त्याचा अर्थ असा लावता येतो की संगीतकार बदलल्याने दिग्दर्शकाचा प्रश्न बदलत नाही. त्याने तो विचारणे थांबवले तर सर्वोत्तम चालही दृश्याच्या कडेला उभी राहते.

'पिंजरा' (१९७२) मध्ये मात्र तो प्रश्न पुन्हा जागा होतो, आणि तोही मराठीत. जर्मन 'ब्लू एंजल' या चित्रपटाच्या कथासूत्राला इथे सातारा-कोल्हापूरच्या मातीचे वळण मिळाले आहे : गावाला आदर्श करू पाहणारा श्रीराम लागू यांचा मास्तर गावात आलेला तमाशाचा फड हुसकावून लावतो, आणि त्याच फडातल्या चंद्रकलेच्या, संध्या यांच्या, पायी सर्वस्व गमावतो. संगीत राम कदम यांचे, शब्द जगदीश खेबुडकर यांचे, लावण्यांचा मुख्य आवाज उषा मंगेशकर यांचा. राम कदम तमाशाकडे बाहेरून पाहणारे संगीतकार नव्हते. ढोलकी कोठे थांबली की घुंगरू बोलते आणि हलगी कोठे पडली की गर्दी उसळते हे त्यांना आतून ठाऊक होते, म्हणून 'पिंजरा'तली लावणी स्टुडिओत सजवलेली वाटत नाही, तिला कनातीचा आणि धुळीचा वास आहे. चित्रपटाच्या पूर्वार्धात हे संगीत मास्तरच्या दृष्टीने गावाबाहेरचे, शत्रूचे असते. ते दूरवरून येते, शाळेच्या भिंतींवर आदळते, आणि मास्तर कान बंद करू पाहतो. उत्तरार्धात गावाला मास्तर मेल्याचे वाटते, त्याचा पुतळा उभा राहतो, आणि जिवंत मास्तर नाव लपवून त्याच फडाबरोबर गावोगाव फिरत असतो. तमाशात मुख्य गायकाच्या मागे उभे राहून सुराला सूर देणाऱ्याला झीलकरी म्हणतात, आणि त्या मागच्या रांगेतल्या माणसाच्या हातात बहुधा तुणतुणे असते. तुणतुण्याला तार एकच. तिच्यावर चाल वाजत नाही, पुढच्या गाणाऱ्यासाठी एक स्वर धरून ठेवायचा एवढेच तिचे काम. दिव्याच्या उजेडात चंद्रकला नाचत असते, ढोलकी चढत जाते, आणि मागे, उजेड जिथे पुरता पोहोचत नाही तिथे, मास्तर ती तार छेडत उभा असतो.